नवा घट, जुनी भाजणी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वर्षीच्या मेळाव्यात एखाद्या शास्त्रीय विषयावर चार शब्द बोलावे, असे मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस कळविले आणि विषयाची निवड आमच्याच हाती सोपविली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. सारी नोकरी प्राथमिक शाळेत गणित व सामान्य विज्ञान शिकविण्यात गेली. प्रयोगशाळेत आयुष्य वेचणाऱ्या पंडितांचा अधिकार आम्हांस नाही. परंतु निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, आणि त्या वाचनात एक विषय असा भेटला की तो आपल्या समाजापुढे मांडल्यावाचून राहवेना. तो विषय म्हणजे विजेच्या बॅटरीत वापरावयाचे लिथियमवाहक घनपदार्थ. नाव ऐकून कोणी बिचकू नये. हा विषय भट्टीचा आहे, भाजणीचा आहे आणि कच्चे-पक्के ओळखण्याचा आहे. म्हणजेच तो आपला आहे.

विषय निवडण्यास आणखी एक कारण घडले. आज सायंकाळच्या सर्वसाधारण सभेपुढे शिक्षणनिधीसंबंधी एक ठराव यावयाचा आहे. कुंभारकामाच्या शिक्षणासाठी पूर्वजांनी राखून ठेवलेल्या शिष्यवृत्तीस गेली काही वर्षे अर्जच येत नाहीत. सबब ती बंद करून तिची रक्कम संगणकाच्या अभ्यासक्रमांकडे वळवावी, असा त्या ठरावाचा आशय आहे. ठराव मांडणाऱ्या बंधूंचा हेतू शुद्ध आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. तथापि हात वर करण्यापूर्वी सभासदांनी पुढील हकीकत ऐकावी, एवढीच आमची विनंती आहे.

प्रथम बॅटरी म्हणजे काय ते पाहू. आपल्या मराठी शास्त्रीय ग्रंथांत तिला विद्युत्‌घट असे नाव आहे. घट हा शब्द तेथे उगाच आलेला नाही. घटात तीन अंगे असतात. एका बाजूस ऋण टोक, दुसऱ्या बाजूस धन टोक, आणि दोहोंच्या मध्ये एक वाहक पदार्थ. वीज बाहेरच्या तारेतून वाहते आणि आपला दिवा लावते. परंतु त्याच वेळी घटाच्या आत विद्युत्‌भार धारण केलेले अणू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात असतात. या प्रवासी अणूंना आयन म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'जाणारा' असा आहे. मधल्या पदार्थाचे काम मोठे चमत्कारिक आहे. त्याने आयनाला वाट द्यावयाची, परंतु विजेला आतून वाट द्यावयाची नाही. ती आतून गेली तर घट आतल्या आत जळून जाईल आणि दिवा लागणार नाही.

इटलीतील व्होल्टा याने १८०० साली पहिला विद्युत्‌घट जगापुढे मांडला, तेव्हा हा मधला वाहक म्हणजे मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठ्याचे तुकडे होते. पुढे १८३६ साली इंग्लंडातील डॅनियल याने दोन निरनिराळे द्रव असलेला घट बनविला. हे द्रव एकमेकांत मिसळू नयेत आणि तरीही आयनांची ये-जा चालू राहावी, यासाठी पडदा हवा होता. आरंभी त्याने बैलाच्या अन्ननलिकेचा उपयोग केला. परंतु या कामी टिकाऊ ठरले ते मातीचे, झिलई न केलेले, सच्छिद्र भाजलेले भांडे. तारायंत्रांसाठी असे घट पुष्कळ वापरले गेले. १८६६ सालच्या लेक्लांशेच्या घटातही असेच सच्छिद्र भांडे होते. आपल्यांपैकी अनेकांनी त्याची आकृती शाळेच्या वहीत काढली असेल. सांगावयाचे तात्पर्य, मातीचे भांडे विद्युत्‌घटात शिरले त्यास पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली.

आता लिथियमकडे वळू. स्वीडनमधील आर्फवेडसन या रसायनशास्त्रज्ञास १८१७ साली पेटलाइट नावाच्या दगडात हे मूलद्रव्य आढळले. दगडात सापडले म्हणून ग्रीक भाषेतील दगड या शब्दावरून त्याचे नाव पडले. सर्व धातूंत हा सर्वांत हलका. पाण्याच्या निम्म्याएवढेच त्याचे वजन. इतका हलका असून वीज साठविण्याची त्याची शक्ती मोठी. म्हणूनच हातातील दूरध्वनीपासून रस्त्यावरच्या दुचाकीपर्यंत आज लिथियमचे घट पसरले आहेत. हे घट घडविण्यास पायाभूत ठरलेल्या कामाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ यांचे वय ९७ वर्षांचे होते. येथे बसलेल्या आमच्यासारख्या निवृत्त मंडळींनी हा आकडा मनात ठेवण्याजोगा आहे.

परंतु या घटातही मधला वाहक द्रवच राहिला, आणि तो द्रव पाणी नव्हे. पाण्याशी लिथियमचे वैर आहे. म्हणून तेथे रॉकेलप्रमाणे पेट घेऊ शकणारे कार्बनी द्रव वापरावे लागतात. घट सदोष असला, अति तापला किंवा चेचला गेला, तर आतील द्रव पेट घेतो. २०२२ सालच्या उन्हाळ्यात आपल्या पुण्यासह देशात अनेक ठिकाणी विजेच्या दुचाकींना आगी लागल्या, त्या बातम्या सर्वांनी वाचल्याच आहेत. त्यानंतर सरकारने या घटांच्या परीक्षेचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ पासून दोन टप्प्यांत लागू झाले.

दुसरी अडचण अशी. लिथियम शुद्ध धातूच्या रूपात वापरले, तर आज वापरात असलेल्या ग्रॅफाइटच्या मानाने एका ग्रॅम वजनात दसपट विद्युत्‌भार साठू शकतो. परंतु द्रवात बुडालेल्या लिथियमच्या पत्र्यावर, घट पुनःपुन्हा भारित करताना, धातूचे सूक्ष्म कोंब फुटतात. रोपाच्या मुळाप्रमाणे ते वाढत जातात, दुसऱ्या टोकास टेकतात आणि घट आतून जोडला जाऊन पेटतो. १९८९ साली कॅनडातील एका कंपनीचे असे धातुयुक्त घट याच दोषामुळे बाजारातून परत घ्यावे लागले. १९९१ साली जपानमध्ये लिथियमचे जे घट विक्रीस आले, त्यांत धातूऐवजी कार्बनाचा आश्रय घेतलेला होता. म्हणजे दसपटीचे धन दाराशी असून घरात घेता येईना.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला की मधला द्रवच काढून टाकावा आणि त्या जागी न जळणारा, न सांडणारा, कोंबांना वाट न देणारा घनपदार्थ ठेवावा. येथे कोणीही विचारील की घनपदार्थातून आयन जाणार कसा? भिंतीतून माणूस कसा जाईल?

आपला माठ पाझरतो हे आपण जाणतो. भाजलेल्या मातीत बारीक छिद्रे राहतात, त्यांतून पाणी बाहेर येते, ते वाऱ्याने उडून जाते आणि आतील पाणी गार होते. डॅनियलच्या भांड्यातही हीच युक्ती होती. आयन जात होते ते छिद्रांत भरलेल्या द्रवातून, मातीतून नव्हे. परंतु आता ज्या घनपदार्थाची गोष्ट आम्ही सांगत आहोत, त्याला छिद्र असता कामा नये. पाण्याचा थेंब जाणार नाही इतका तो भरीव हवा, आणि तरीही त्याच्या अंगातून लिथियमचा आयन गेला पाहिजे. माठातील पाझर छिद्राचा आहे. हा पाझर अंगचा आहे. या दोहोंतील भेद ज्यास कळला, त्यास आजचा अर्धा विषय कळला.

हा अंगचा पाझर प्रथम पाहिला तो मायकेल फॅरडे याने. हा लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत तेथील पुस्तके वाचून तो शिकला. १८३० ते १८४० या दशकात त्याने असे दाखविले की शिशाचे फ्लुओराइड घन असतानाच खूप तापविले असता वीजवाहक बनते. पुढे १९१४ साली जर्मनीतील टुबांट व लोरेन्झ यांनी रौप्य आयोडाइडाची परीक्षा केली. हा पदार्थ १४७ अंशांपुढे तापला की तो वितळत नाही, घनच राहतो; परंतु त्याची वाहकता एकाएकी हजारो पटींनी वाढते आणि द्रवाच्या तोडीस तोड होते. आयोडीनचे अणू आपापल्या जागी स्थिर राहतात आणि चांदीचे आयन मात्र त्यांच्यामधून मोकळे हिंडू लागतात.

हे कसे घडते ते पंगतीच्या उदाहरणाने सांगू. लग्नातील पंगत पूर्ण भरली असेल, तर कोणासही जागा बदलता येत नाही. परंतु नऊ पाट मांडले असून पाहुणे सातच आले, तर शेजारच्या रिकाम्या पाटावर एक जण सरकतो, त्याच्या जागी दुसरा येतो, आणि पंगत न मोडता माणसे या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊ शकतात. मात्र तीन गोष्टी हव्यात. पाट रिकामे हवेत. दोन पाटांमधील वाट अरुंद नसावी. आणि प्रत्येकाने 'हा माझाच पाट' असा हट्ट धरू नये. घनपदार्थातील आयनवहनाचे सारे शास्त्र या तीन अटींचा विस्तार आहे.

लिथियमच्या बाबतीत या शास्त्राचा पहिला मोठा लोकोपयोग झाला तो हृदयरोग्यांसाठी. हृदयाचे ठोके नियमित ठेवणारे पेसमेकर यंत्र छातीत बसवितात, हे आपणांस ठाऊक आहे. आरंभीच्या यंत्रांचे घट लवकर संपत आणि रुग्णावर पुनःपुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे. १९७२ साली इटलीत प्रथमच लिथियम व आयोडीन यांचा घट असलेले यंत्र एका रुग्णास बसविण्यात आले. या घटातील मधला वाहक कोणी घडवून ठेवीतच नाही. लिथियम आणि आयोडीन एकमेकांस टेकले की त्यांच्या सीमेवर लिथियम आयोडाइडाचा घन पापुद्रा आपोआप तयार होतो, आणि तोच वाहकाचे काम करतो. त्यास चीर गेली तर त्या चिरेत पुन्हा तोच पदार्थ तयार होऊन ती बुजते. त्याची वाहकता अत्यल्प. परंतु हृदयास लागणारा प्रवाहही अत्यल्प. म्हणून असे घट अनेक वर्षे अखंड चालले. आपल्या समाजातील काही वडीलधाऱ्यांच्या छातीत असे यंत्र आहे. त्यांच्यासाठी घन लिथियमवाहक ही उद्याची गोष्ट नसून या क्षणाचा आधार आहे.

दुचाकीस वा मोटारीस मात्र हृदयाहून कितीतरी मोठा प्रवाह लागतो. तेथे हा मंद पापुद्रा पुरत नाही. म्हणून सलग पन्नास वर्षे नवनवे पदार्थ शोधले गेले. त्यांतील दोन कुळे आपण पाहू. एक भाजून पक्के करावयाचे, दुसरे न भाजता दाबून बसवावयाचे.

भाजावयाचे कुळ म्हणजे गार्नेट. नवरत्नांतील गोमेद ज्या खनिजकुळातील, त्याच कुळाची ही रचना. २००७ साली जर्मनीतील कील विद्यापीठाच्या वेप्नर यांच्यासह मुरुगन व तंगदुरै या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी लिथियम, लँथनम, झिर्कोनियम व ऑक्सिजन यांचा गार्नेट रचनेचा पदार्थ प्रसिद्ध केला. तंगदुरै यांचे संशोधनशिक्षण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले. मुरुगन यांनी पुदुच्चेरी विद्यापीठात अध्यापन केले. या पदार्थाच्या पंगतीत लिथियमसाठी नऊ पाट आणि पाहुणे सात, असाच हिशेब आहे. मघाचे उदाहरण आम्ही मुद्दाम तसे घेतले होते. द्रव वाहकाच्या मानाने याची वाहकता सुमारे तिसाव्या हिश्शाची. परंतु हा जळत नाही, आणि लिथियम धातूच्या सान्निध्यातही बराचसा टिकून राहतो. हा गुण दुर्मिळ आहे.

या पदार्थाची एक हकीकत आपल्या समाजाने मुद्दाम लक्षात ठेवावी. हाच पदार्थ इतरांनी बनविला, तेव्हा कोणाचा चांगला वाहक निघे आणि कोणाचा शंभरपटीने मंद. घटकद्रव्ये तीच, प्रमाण तेच, मग अंतर का पडावे? २०११ च्या सुमारास त्याचा उलगडा झाला. पदार्थ ज्या मुशीत भाजला जात होता, ती मूस ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भस्माची होती. हजार अंशांच्या वरच्या आचेत मुशीच्या अंगातील किंचित ॲल्युमिनियम पदार्थात उतरत होते. एक ॲल्युमिनियम आत आला की तीन लिथियम उठून जातात. एका पाटावर तो बसतो आणि दोन पाट रिकामे होतात. ज्या पंगतीत सर्वांनी आपापले पाट ठरवून टाकले होते, तेथे त्यामुळे पुन्हा हालचाल सुरू होते. भांड्याचा गुण पदार्थात उतरतो, हे आपल्या आजीने दह्याच्या मडक्यावरून सांगितले असते. पुढे मुशीवर अवलंबून न राहता ॲल्युमिनियम, टँटलम यांसारखी द्रव्ये मोजून मिसळण्याची रीत पडली.

आता भाजणीकडे पाहा. आपला गावचा आवा साधारणतः सातशे ते नऊशे अंशांपर्यंत तापतो. या पदार्थास बाराशेच्या आसपास आच लागते. त्या आचेत लिथियम उडून जाते. म्हणून ते आरंभीच थोडे जास्त घालतात, आणि वडी त्याच पदार्थाच्या भुकटीत पुरून भाजतात. आच कमी पडली तर कण एकजीव होत नाहीत. जास्त झाली तर लिथियम जाते आणि रचना बिघडते. भट्टीतून काढलेली वडी दमट हवेत उघडी ठेवली, तर हवेतील पाणी व कार्बन डायऑक्साइड यांच्या योगाने तिच्यावर लिथियम कार्बोनेटाची कळा चढते, आणि मग त्या अंगावर लिथियम धातू नीट चिकटत नाही. धुळीच्या अंगावर गेरू धरत नाही, तसेच हे.

सर्वांत मोठा प्रश्न चिरेचा. २००५ साली मन्रो व न्यूमन यांनी गणिताने असे मांडले होते की मधला पदार्थ पुरेसा कठीण असला तर लिथियमच्या कोंबास तो थोपवील. गार्नेट हा लिथियमहून कितीतरी कठीण. तेव्हा प्रश्न मिटला, असे पुष्कळांस वाटले. परंतु प्रत्यक्ष प्रयोगांत वेगाने भार देताच मऊ लिथियमचा कोंब कठीण गार्नेटमधून आरपार गेलेला दिसू लागला. तो जातो कोठून? जेथे कण एकमेकांस नीट चिकटलेले नाहीत तेथून, आणि पृष्ठभागावरील डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरांतून. चिरेत लिथियम साचते, पाचरीप्रमाणे ती चीर रुंदावते, आणि पुढे सरकते. म्हणजे पदार्थाची कठीणता त्यास तारीत नाही. भाजणीचा निर्दोषपणा तारतो.

येथे गोरोबाकाकांचे स्मरण होणे साहजिक आहे. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर ठोकून मडके कच्चे की पक्के ते सांगितले, ही कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. तिचा परमार्थ मोठा आहेच. परंतु तिच्यात एक व्यवहारही आहे. बाहेरून सारी मडकी सारखीच दिसतात. चीर आवाजात कळते. आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत क्ष-किरणांनी व ध्वनिलहरींनी या वड्यांच्या आतील चिरा शोधतात. साधने निराळी आली, परंतु प्रश्न तेरढोकीच्या अंगणातलाच आहे.

दुसरे कुळ गंधकयुक्त पदार्थांचे. २०११ साली जपानमधील कान्नो व त्यांचे सहकारी यांनी लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस व गंधक यांचा एक पदार्थ प्रसिद्ध केला; त्याची वाहकता नेहमीच्या द्रवाच्या बरोबरीची भरली. २०१६ साली त्याच गटाने तिच्याही दुपटीची वाहकता असलेला पदार्थ दाखविला. ज्या जर्मेनियमचा येथे उपयोग झाला, त्याचे भाकीत मेंडेलेयेव्ह याने ते सापडण्यापूर्वीच १८७१ साली केले होते, आणि त्या अज्ञात मूलद्रव्यास नाव देताना त्याने आपल्या संस्कृतातील 'एक' हा शब्द जोडून 'एक-सिलिकॉन' असे म्हटले होते. १८८६ साली विंक्लर यास जर्मेनियम आर्गिरोडाइट या खनिजात मिळाले; आणि २००८ साली त्याच खनिजाच्या रचनेचा लिथियमवाहक जर्मनीत तयार झाला.

हे पदार्थ मऊ असतात. त्यांना भट्टीची तेवढी गरज नाही; विटेप्रमाणे साच्यात दाबले की कण कणास चिकटतो. मोटारींसाठी जपानी कंपन्यांनी याच कुळावर भर दिला आहे. परंतु दमट हवा लागताच त्यांतून हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू निघतो. कोकणातील आषाढात हे काम उघड्यावर करता येणार नाही, हे सांगणे नको. त्यासाठी हवा पूर्ण कोरडी केलेले कारखाने लागतात, आणि त्यांचा खर्च फार.

दोन्ही कुळांना सांध्याची अडचण समान आहे. द्रव सर्वत्र शिरतो आणि प्रत्येक कणास भिजवितो. घन घनास केवळ टेकतो. शिवाय भरताना व रिकामा होताना घटातील द्रव्ये फुगतात व आक्रसतात, त्यामुळे टेकलेले अंग सुटते. माठास तोटी बसवावयाची ती दोन्ही अंगे ओली असतानाच. सुकल्यावर लावलेली तोटी आव्यात सुटून पडते. या ओल्या सांध्याच्या जोडीचे काही साधन घन घटात सापडावे, याकरिता कोणी मधे मऊ थर देतात, कोणी घट सतत दाबाखाली ठेवतात. आज जगभर चाललेले कष्ट वाहकतेसाठी थोडे आणि सांध्यासाठी अधिक आहेत.

म्हणून जाहिराती वाचताना सभासदांनी सावध असावे. टोयोटा कंपनीने २०२३ साली, घन घटाची मोटार २०२७–२८ च्या सुमारास आणण्याचा आपला संकल्प जाहीर केला. संकल्प म्हणजे सिद्धी नव्हे. 'अर्धघन' म्हणून जे घट येतात, त्यांत थोडा द्रव असतोच. आणि घन म्हणजे सर्वस्वी निर्भय असेही नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये पॅरिस शहरात विजेच्या दोन बसगाड्या जळाल्या. त्यांतील मधला वाहक घन बहुवारिकाचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचा होता. त्यानंतर तशा १४९ गाड्या काही काळ रस्त्यावरून काढाव्या लागल्या. तूर्त आपल्या घरी जी वाहने आहेत ती द्रवयुक्त घटांचीच आहेत, असे समजून वागावे. कंपनीने दिलेल्या साधनानेच भार द्यावा. गाडी दूरवरून येताच तापलेला घट लगेच जोडू नये. जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर रात्रभर तो लावून ठेवू नये. आणि आपटलेला वा फुगलेला घट घरी उघडू नये.

आता आपल्या देशाकडे पाहू. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमयुक्त खनिजाचा प्राथमिक अंदाज जाहीर झाला. अंदाज म्हणजे खाण नव्हे, हे ध्यानात ठेवावे. केरळ व तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूत लँथनम देणारे मोनाझाइट आणि झिर्कोनियम देणारे झिर्कॉन ही दोन्ही खनिजे आहेत. विद्येचीही उणीव नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयातील सुरेश चंद्र यांनी आयनवाहक घनपदार्थांवर लिहिलेला ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. आपल्या नागपुरात लिथियमयुक्त काचांच्या वाहकतेवर दीर्घकाळ संशोधन झाले. त्याच काशीच्या विद्यापीठात मृत्तिकाशास्त्राचे, म्हणजे सिरॅमिकचे, शिक्षण १९२४ पासून दिले जाते. कोलकात्यास काच व सिरॅमिक यांची केंद्रीय संशोधन संस्था १९५० पासून आहे. आणि बेळगावजवळ खानापूर येथे ग्रामीण कुंभारकामाची संस्था आहे. दारे आहेत, प्रश्न आपली मुले त्या दारांशी जातात की नाही, हा आहे.

ती का जात नाहीत? शिष्यवृत्तीच्या नियमांत 'कुंभारकाम' एवढाच शब्द आहे, आणि तो शब्द वाचून मुलास वाटते की पुन्हा चाकावरच बसावयाचे आहे. चाकावर बसण्यात कमीपणा आहे असे आम्ही मुळीच मानीत नाही. तथापि मुलांस लाज वाटते ती मातीची नव्हे, मातीमुळे वाट्यास आलेल्या दारिद्र्याची, हे वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे. त्या लाजेवर उपाय शिष्यवृत्ती बंद करणे हा नसून तिचा अर्थ रुंद करणे हा आहे. संगणकाच्या शिक्षणास आमचा विरोध नाही. त्यासाठी निधी देणारे हात पुष्कळ आहेत. परंतु भाजलेल्या मातीच्या शास्त्रासाठी निधी राखणारे मंडळ आपल्यासारखे दुसरे कोठे असेल, ते आम्हांस दिसत नाही.

म्हणून आमची सूचना अशी की मूळ ठरावास उपसूचना द्यावी. शिष्यवृत्ती कायम राहावी. तिच्या नियमांत 'कुंभारकाम' या शब्दापुढे 'सिरॅमिक, काच, पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र' हे शब्द घालावे. मुलींना अर्जाचा अधिकार स्पष्ट शब्दांत द्यावा. आणि दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना अशा संस्था प्रत्यक्ष पाहण्यासाठी प्रवासखर्च द्यावा. ज्यांच्या घरी आजही चाक फिरते, त्यांच्या मुलांस प्राधान्य असावे. आच किती द्यावी, आवा केव्हा उघडावा, चीर कोठून सुरू होते, हे ज्या मुलाने लहानपणी पाहिले आहे, त्यास पुस्तकातील भाजणी परकी वाटणार नाही. त्याच्यापाशी गणित व रसायनशास्त्र नाही, ते आपण द्यावयाचे. बाकीचे त्याच्या घरात आहे.

हे केल्याने उद्याच आपल्यातून कोणी नवा घट घडवील, असे भाकीत आम्ही करीत नाही. या विषयात पन्नास वर्षे खपूनही जाणत्यांचे काम पुरे झालेले नाही. परंतु ज्या कामात शेवटी निर्णय लागतो तो भाजणीच्या पक्केपणावर, त्या कामापासून आपणच दूर राहावे, हे शोभणारे नाही.